खाडीकाठच्या कांदळवनात कुटुंबासह एक दिवस: आधी तिथी बघा

कोकणात नदी समुद्राला मिळते तिथे कांदळवन (खाऱ्या चिखलात वाढणारं मॅन्ग्रोव्हचं जंगल) असतं, आणि तिथला दिवस घड्याळावर नाही, भरती-ओहोटीवर ठरतो. रविवार आहे म्हणून निघालेल्यांना बऱ्याचदा नुसता चिखल बघून परतावं लागतं. म्हणून सुट्टीचा अर्ज टाकण्याआधी कॅलेंडरातली तिथी बघा.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब तोच. दिवसात दोन भरत्या येतात, म्हणून हीच वेळ सकाळची आणि रात्रीची धरायची. पूर्ण भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. मात्र हा आडाखा मुंबईच्या बाजूला जास्त जुळतो. भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे मालवण-वेंगुर्ल्याला पाणी साधारण तासभर आधी भरतं. उलट खाडीत जितकं आत जाल तितका उशीर होतो. तेव्हा हिशेब दिवस निवडायला वापरा. नेमकी वेळ होडीवाल्याला फोन करून विचारा.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीचं उदाहरण घेऊ. तिथे स्वामिनी बचतगटाच्या बायका 2017 पासून वल्ह्यांच्या होडीतून कांदळवन दाखवतात. इंजिनाचा आवाज नसल्याने खंड्या, बगळे जागचे हलत नाहीत. इथे द्वादशी ते चतुर्दशी हे दिवस सोयीचे. त्रयोदशीला हिशेबाने पावणेदहा, म्हणजे वेंगुर्ल्यात पावणेनऊच्या आसपास पाणी भरतं. सव्वासातला होडीत बसलात तर चढत्या पाण्याबरोबर आत जाता येतं. हा क्रम महत्त्वाचा आहे. चढत्या पाण्यात होडी रुतली तर थोड्या वेळात आपोआप सुटते. उतरत्या पाण्यात रुतली तर पुढच्या भरतीपर्यंत उन्हात बसा. आजी-आजोबा असतील तर भरलं पाणी आणखी एका कारणाने बरं: होडी धक्क्याच्या जवळपास पातळीला येते. ओहोटीला शेवाळलेल्या पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि पाय तिथेच घसरतो.

होडीतून साडेनऊ-दहाला उतरा, पण लगेच निघू नका. अकरापर्यंत काठाचा चिखल उघडा पडतो आणि मुलांची खरी मजा तिथे आहे. निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) चिखलावर उड्या मारतात. एक नांगी अवाढव्य असलेले छोटे खेकडे बिळाबाहेर येऊन ती हलवत राहतात (मोठी नांगी फक्त नराला असते). पाच मिनिटं न हलता उभं राहायचं, एवढीच अट. सहा वर्षांखालच्यांकडून ती फारशी पाळली जात नाही, त्यांना झाडं दाखवा. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात, पानाच्या मागून बोट फिरवून चाटलं तर खारट लागतं. कांदळाची मुळं कमानीसारखी, आणि लांब हिरव्या शेंगा म्हणजे झाडावरच रुजलेली रोपं. पांढरी चिप्पी हा 2020 पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे.

चिखलात मात्र उतरू नका. चप्पल रुतून तिथेच राहते आणि आत कालवांच्या कपच्या असतात, त्या पात्यासारख्या कापतात. कापलंच तर बाटलीतल्या स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा, आत कपची राहिली नाही ना बघा, मग दाबून पट्टी बांधा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. पट्टे असलेले बंद सँडल सर्वांत बरे.

मगरी बघायच्या असतील तर गणित उलटं. चिपळूणला वाशिष्ठी नदीत मगरी ओहोटीला उघड्या पडलेल्या काठावर ऊन खात पडतात, म्हणजे ओहोटी सकाळी उशिरा हवी. पंचमी ते सप्तमी धरा, थंडीचे दिवस निवडा. मुलांचे हात होडीबाहेर लोंबकळू देऊ नका, आणि फोटोसाठी काठावर उतरण्याचा हट्ट कोणी धरला तर सरळ नाही म्हणा.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात होड्या बंद असतात, मे महिन्यात ऊन आणि गर्दी दोन्ही. थंडीतही सकाळच का? तेव्हा मतलई वारे मंद असतात, पाणी संथ असतं. दुपारी खारे वारे सुटले की खाडी खवळते आणि वल्ही मारणं जड जातं. सकाळी सातला धक्क्यावर हजर राहायचं तर मुक्काम आदल्या रात्रीच जवळ हवा. रेल्वेने येणाऱ्यांना वेंगुर्ल्यासाठी कुडाळ किंवा सावंतवाडी स्टेशन आहे.

लाइफ जॅकेट होडीत चढायच्या आधी मुलाच्या अंगावर तपासा: बक्कल लावून खांद्याच्या पट्ट्या वर ओढा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते पाण्यातही तसंच सरकेल; लहान मापाचं मागा. मापाचं नसेल तर त्या मुलाला होडीत नेऊ नये, मग कितीही रडारड होवो. जड माणसं मध्ये, आणि उठून जागा बदलणं नाही. भाडं आणि वेळ आधी ठरवा.

पाणी मोठ्यांना दोन लिटर, मुलांना एक. न्याहारीला घावणे उत्तम, पण गरम एकावर एक रचले तर घाम सुटून चिकटतात. कापडावर पूर्ण गार करून भरा. सोबत ओल्या खोबऱ्याची चटणी नको, उन्हात अकराच्या आत आंबते. लसूण-सुक्या खोबऱ्याची न्या. फुल बाह्यांचे फिकट कपडे घाला, नाहीतर चिलटं सोडत नाहीत. होडीत स्वच्छतागृह नसतं, निघण्याआधी सगळ्यांना जाऊन यायला लावा. वेफर्सची पाकिटं घरीच ठेवा: उडालेलं प्लास्टिक मुळांत अडकतं आणि पुढच्या भरतीनेही निघत नाही.

दुपारचं जेवण घरगुती खाणावळीत घेणार असाल तर माणसं मोजून आदल्या संध्याकाळीच सांगा. दीड वाजता अचानक आठ जण उभे राहिले तर मासे संपलेले असतात आणि भात-आमटीवर भागवावं लागतं.