धक्क्यावरून शार्क गरवताय? या चुका टाळा

फ्लोरिडात टँपा बेच्या तोंडाशी स्कायवे नावाचा धक्का आहे. धक्का म्हणजे खरं तर मोडका पूल. १९८० च्या मे महिन्यात एक मालवाहू जहाज पुलाच्या खांबाला धडकलं, पुलाचा मोठा तुकडा खाडीत गेला आणि ३५ माणसं मेली. १९८७ मध्ये शेजारी नवा पूल झाला आणि जुन्याची उरलेली टोकं मासे गरवणाऱ्यांना मिळाली. गाडी थेट धक्क्यावर नेता येते, पाण्याकडे तोंड करून रात्रभर बसता येतं. मी मूळचा मालवणचा, त्यामुळे इथे आल्यावर पहिल्या महिन्यातच हा धक्का सापडला आणि अजून सुटलेला नाही.

मराठी मंडळींत ही बातमी पसरलेली आहे. उन्हाळा आला की फोन सुरू होतात, “काका, तिथे शार्क लागतो का हो?” लागतो. बोयीचा तुकडा नाहीतर अर्धी लेडीफिश रात्री टाकून ठेवा, कोणी ना कोणी येतंच. लागल्यावर त्याचं करायचं काय, हे मात्र आजवर एकानेही फोनवर विचारलेलं नाही.

“आम्ही शार्कसाठी नाही बसलोय”

हे वाक्य तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला ऐकवू नका, त्यांनी ते पुष्कळ वेळा ऐकलेलं असतं. फ्लोरिडात १ जुलै २०१९ पासून किनाऱ्यावरून शार्क गरवायला वेगळं परमिट लागतं आणि धक्का, जेटी, पूल हे सगळं किनाऱ्यातच धरलं जातं. वय १६ किंवा जास्त असेल तर परमिट हवंच. एरवी लायसन्समधून सुटणारे ६५ च्या वरचे आजोबासुद्धा यातून सुटत नाहीत. परमिट फुकट आहे, ऑनलाइन छोटा कोर्स करायचा आणि दर वर्षी नवं काढायचं. चहा गार व्हायच्या आत होणारं हे काम टाळून लोक दंडाची पावती घेऊन घरी जातात, याचं मला खरोखर नवल वाटतं.

दुसरी गोष्ट, मनात काय आहे यावर सगळं ठरत नाही, हातात काय आहे तेही बघतात. चार फुटांपेक्षा लांब वायरचा लीडर, म्हणजे दोर आणि गरी यांच्यामधला तुकडा, लावलात किंवा रॉडचं बूड टेकवायला कमरेला फायटिंग बेल्ट बांधलात, तर तुम्ही शार्कच गरवताय असं धरतात. मग शिंगाळ्यासाठी बसलोय म्हणून सांगा नाहीतर आणखी कशासाठी.

शिवाय राज्याचा कायदा एक आणि धक्क्याची पाटी दुसरी. पॅनहँडलमधल्या, म्हणजे फ्लोरिडाच्या वायव्य पट्ट्यातल्या, नवार बीचच्या धक्क्यावर शार्क गरवायलाच बंदी आहे. परमिट खिशात असलं तरी तिथे चालत नाही. आधी पाटी वाचा, मग गाडीची डिकी उघडा.

वर ओढून घेणं

या एका चुकीवर मी जरा जास्त बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी ऑफिसातला एक मुलगा माझ्याबरोबर आला. पुण्याहून येऊन जेमतेम वर्ष झालेलं, हुशार, मदतीला तत्पर, पण घाई फार. मी माझा जाड रॉड त्याला देत होतो, तर म्हणाला, “नको काका, हलक्या रॉडवर खरी मजा आहे, मी व्हिडिओत बघितलंय.” तीस पौंडांचा दोर, ट्राउटसाठी घेतलेलं रीळ. रात्री दहाच्या सुमारास रीळ ओरडायला लागलं.

पहिली वीस मिनिटं मजेची होती. तासाभराने धक्क्यावरचे अर्धे लोक आमच्याभोवती जमले होते, कोणी पाणी पाजतंय, कोणी चित्रीकरण करतंय. मी दोनदा म्हटलं, काप आता. तो म्हणाला, “आलाच काका, दमलाय तो.” दमला होता हे खरंच. दीड तासाने टॉर्चच्या उजेडात तो वर आला आणि आधी दिसलं ते डोकं, आडवं, फळीसारखं. ग्रेट हॅमरहेड, सात फुटांच्या आसपास. आपल्याकडे ज्याला कानमुशी म्हणतात त्या जातीतला हा सगळ्यात थोरला. फ्लोरिडाच्या पाण्यात २०१२ पासून पूर्ण संरक्षित. ठेवायचा नाही, पाण्याबाहेर काढायचा नाही, कल्ले पाण्याखाली राहिले पाहिजेत आणि सोडायला उशीर करायचा नाही.

कोणीतरी शेपटीला फास घालायला दोरखंड आणला. मुलगा म्हणाला, “फक्त एक फोटो, लगेच सोडू.” मी लांब काठीने लीडर कापला. तो हललाच नाही. शेपटी एकदा इकडे, एकदा तिकडे झाली, मग पांढरं पोट वर करून तो हळूहळू खाली जात राहिला, टॉर्चचा उजेड पोचेपर्यंत आम्हाला दिसत होता. मुलाने विचारलं, “झोपला का तो?”

मी काही बोललो नाही. विसाव्या मिनिटालाच मी स्वतः दोर कापायला हवा होता. नाही कापला, कारण काय लागलंय ते मलाही बघायचं होतं.

हॅमरहेड झुंजताना स्वतःला असा जाळून घेतो की पुष्कळदा सोडल्यावरही सावरत नाही. बुल किंवा नर्स शार्क तेवढ्याच झुंजीनंतर शेपटी आपटून निघून जाईल, हा नाही. म्हणून हलक्या रॉडवरची मजा ही ज्याची त्याला लखलाभ. माझ्याकडे शार्कसाठी ऐंशी पौंडांच्या खाली दोर नसतो. लागला की घड्याळ बघतो आणि वीस मिनिटांत कठड्याखाली आला नाही तर कापतो, मग तो कोणीही असो. हे वीस मिनिटांचं गणित कुठल्या पुस्तकातलं नाही, माझं मी ठरवलेलं आहे.

छोट्या, ठेवता येणाऱ्या शार्कलासुद्धा दोराने लटकवून वर घेऊ नका. त्याच्या अंगात हाड नाही, सगळी कूर्चा. पाण्यात त्याचं वजन पाणी पेलतं. हवेत शेपटीला धरून टांगलात की आतली आतडी, काळीज सगळं स्वतःच्या वजनाने ओढलं जातं. वरून धडधाकट दिसतो, सोडल्यावर दोन दिवसांनी मरतो. वर घ्यायचाच तर दोरीला बांधलेली गोल जाळी खाली सोडा, त्यात घ्या. जाळी नसेल तर तुम्ही शार्कसाठी आलेलाच नाही असं समजा आणि शिंगाळे धरा.

माझी काठी म्हणजे रंगाऱ्यांची वाढवता येणारी काठी आहे, हार्डवेअरच्या दुकानातली. टोकाला वाकडं ब्लेड घट्ट बांधलंय. दोर किंवा गरी झटपट कापेल असं हत्यार जवळ असणं कायद्यानेच सक्तीचं आहे, पण लोक पक्कड खिशात ठेवतात आणि शार्क कठड्यापासून वीस फूट खाली असतो. मग वरूनच दोर कापतात आणि तो बिचारा तेवढा दोर शेपटीमागे ओढत फिरतो. म्हणून मी कठडा पाण्याला जवळ असेल तिथेच बसतो. उंच टोकाला मासा जास्त लागतो असं म्हणतात, म्हणू देत.

गरी आणि झटका

कोकणातून आलेल्यांची ही खास चूक, माझ्यासकट. लहानपणापासून हाताला सवय, दोर हलला की झटका. इथे शार्कसाठी मेलेलं किंवा जिवंत आमिष लावलं की गोल गरीच लावावी लागते, तीही टोक बाजूला न वाकवलेली आणि स्टेनलेस नसलेली. या गोल गरीला झटका दिलात की ती आमिषासकट तोंडातून बाहेर येते. काहीच करायचं नाही. मासा आमिष घेऊन चालू लागला की दोर ताठ होऊ द्या, गरी आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसते. पहिले दोन उन्हाळे मी माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचो, थट्टा नाही.

इंग्रजी J च्या आकाराची साधी गरी पोटात जाते. स्टेनलेस का नको, ते सरळ आहे. कापून सोडलेली गरी गंजून गळून पडली पाहिजे. “चांगली, न गंजणारी घेतली काका, महाग होती” असं कौतुकाने दाखवणारा दर वर्षी एक तरी भेटतो.

नावावरून ओळखणं

ब्लॅकटिप शार्कच्या सगळ्या परांची, म्हणजे पोहायच्या पंखांची, टोकं काळी असतील असं तुम्हाला वाटेल. नाही. पोटाखाली मागच्या बाजूला, शेपटीच्या अलीकडे जो पर असतो, तो ब्लॅकटिपचा पांढरा असतो. तिथेही काळं टोक दिसलं तर तो बहुधा स्पिनर नावाचा दुसरा शार्क. फरक का पडतो, तर ब्लॅकटिपला किमान लांबीची अट नाही आणि स्पिनर ५४ इंच भरावा लागतो.

बुल आणि सँडबार यांची गल्लत जास्त महागात पडते, कारण सँडबार संरक्षित आहे. सँडबारच्या पाठीवर दोन परांच्या मधोमध एक बारीक उंचवटा धावतो आणि पुढचा पर अंगाच्या मानाने फारच उंच असतो. बुलला तो उंचवटा नसतो, मुस्कट आखूड आणि बोथट. लेमन शार्क पिवळसर, पाठीवरचे दोन्ही पर जवळपास सारखे. तोही २०१० पासून बंद. बॉनेटहेडचं डोकं फावड्यासारखं गोल, तो चालतो. डोकं हातोड्यासारखं आडवं दिसलं तर दोर कापा. शंका आली तरी कापा. रात्री दोन वाजता कठड्यावर वाकून पर मोजत बसण्यात काही शहाणपण नाही.

आणि ५४ इंच म्हणजे नाकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत, शेपटीच्या टोकापर्यंत नाही. टेप चुकीच्या जागी लावून साडेचार फूट भरवणारे वकील मी पाहिलेत, शब्दशः वकील.

रक्ताची बादली

मेलेले मासे, रक्त, तेल पाण्यात ओतून शार्क बोलावणं म्हणजे चम टाकणं. फ्लोरिडात वाळूवरून गरवताना ते कुठल्याच माशासाठी चालत नाही. धक्क्यावर काय चालतं ते तिथल्या पाटीवर असतं, आणि पाटी काहीही म्हणो, मी टाकत नाही आणि माझ्या शेजारी कोणी टाकलं तर मी उठतो.

पोहणाऱ्यांच्या धक्क्यावर तर शार्कचा विचारच नको. कॅलिफोर्नियात मॅनहॅटन बीचला ५ जुलै २०१४ रोजी धक्क्यावरच्या एकाच्या गळाला ग्रेट व्हाइटचं सातेक फुटी पिल्लू लागलं. ही जात तिथे १९९४ पासूनच संरक्षित. सुमारे चाळीस मिनिटं ओढाताण चालली होती आणि तेवढ्यात पोहणाऱ्यांचा एक गट जवळून निघाला होता. गळाला अडकलेला, पिसाळलेला तो शार्क त्यातल्या एकाला चावला. माणूस वाचला. त्यानंतर काही काळ तिथे गरवणंच बंद झालं, म्हणजे छोटे मासे धरायला येणारे म्हातारेही घरी बसले. २०२३ पासून तर त्या राज्यात ग्रेट व्हाइटला बोलावण्यासाठी आमिष किंवा चम टाकणंच बेकायदा आहे.

बाकीच्या, पटापट

लीडर हाताला गुंडाळू नका. बोटं दहाच असतात.

रॉड नुसता कठड्याला टेकवून डबा खायला बसू नका. दोरीने बांधा. खाडीच्या तळाशी मराठी माणसांचे किमान तीन रॉड आहेत, त्यातला एक माझा.

चपला घालून येऊ नका. जाळीत वर आलेला शार्क स्वतःच्या शेपटीपर्यंत तोंड वळवू शकतो, आणि त्याचं अंग पॉलिशपेपरसारखं असतं.

पेलिकन अडकला तर मात्र दोर कापायचा नाही. शार्कच्या बरोबर उलट. कापलात तर तो दोर लोंबवत खारफुटीत जाऊन बसतो, फांदीला अडकतो आणि तिथेच लटकून मरतो. हळू ओढून घ्या, टॉवेल डोक्यावर टाका, चोच धरा पण बंद करू नका, त्याला तोंडानेही श्वास घ्यावा लागतो. गरी काढा, सोडा. पेलिकन फार अडकायला लागले म्हणून स्कायवेवर २०२३ पासून वेगळा कोर्स आणि माणशी दोनच रॉड असा नियम झाला. चार रॉड ओळीने लावून गाडीत झोपणाऱ्यांनी सगळ्यांवर आणलेली ही वेळ.

मोरी खायची आहे, हे कबूल करा

आपल्या लोकांना फोटोपेक्षा मोरीच्या, म्हणजे शार्कच्या, कालवणात रस असतो आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण शार्क घरी नेऊन उग्र वास येतो म्हणून फेकून देणारे आपलेच. शार्कच्या रक्तामांसात युरिया असतो, मेल्यावर त्याचा अमोनिया होतो. धरल्याबरोबर शेपटीजवळ चीर देऊन रक्त जाऊ द्या, आतडी काढा आणि भरपूर बर्फात पुरा. ‘घरी जाऊन बघू’ म्हणालात की संपलं. डोकं, पर, शेपटी मात्र जमिनीवर येईपर्यंत कापायची नाही. मी फक्त बॉनेटहेड ठेवतो, तीन फुटांच्या आतला. मोठ्या शार्कमध्ये पारा साठतो. गरोदर बायका आणि लहान मुलं यांनी तर शार्क खाऊच नये असं इथलं सरकारच सांगतं, त्यामुळे लेकीच्या दोन्ही बाळंतपणांत आमच्या घरी मोरी शिजली नाही.

आणि माणशी दिवसाला एकच शार्क. हे मी दर रविवारी आईला मालवणला फोनवर सांगतो, आणि दर रविवारी ती विचारते, “एकच? मगे पावण्यांका काय वाढतंस?”