२५-पाउंडर तोफेची प्रतिकृती: बांधणी आणि वेदरिंगमधल्या या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश २५-पाउंडर ही तोफ आपल्याकडच्या मॉडेलकारांना विशेष जवळची वाटते. उत्तर आफ्रिका, इटली आणि ब्रह्मदेशात भारतीय डिव्हिजनांना याच तोफेचा आधार होता आणि स्वातंत्र्यानंतरही ती बराच काळ भारतीय तोफखान्यात सेवेत होती. १/३५ प्रमाणातील तिच्या किटमध्ये सुट्या भागांची संख्या फार नसते, त्यामुळे रणगाड्याच्या साखळ्यांना कंटाळलेला माणूस ही तोफ आनंदाने हाती घेतो. तरीही पुष्कळ प्रतिकृती पहिला रंग चढेपर्यंत छान दिसतात आणि वेदरिंग (रंगावर झीज, धूळ आणि डाग दाखवणे) सुरू झाले की बिघडत जातात. प्रत्येक ओरखडा, डाग आणि धुळीचा थर कोणामुळे किंवा कशामुळे पडला, हा प्रश्न ब्रश उचलण्याआधी विचारला जात नाही, हे त्याचे मुख्य कारण आहे.

पहिली चूक किटचा डबा उघडण्याआधीच होते. तोफ कोणत्या वर्षातली, कोणत्या आघाडीवरची आणि डागण्याच्या स्थितीतली की ओढून नेण्याच्या, हे ठरवल्याशिवाय एकही भाग चिकटवू नये. नळीच्या तोंडाशी असणारा, तोफेचा मागचा धक्का कमी करणारा मझल ब्रेक सुरुवातीच्या तोफांना नव्हता. रणगाडाभेदी गोळा जादा चार्जने (दारूच्या भाराने) डागता यावा म्हणून तो पुढे बसवण्यात आला. त्यामुळे १९४१ सालच्या वाळवंटातील तोफेला मझल ब्रेक लावला, की जाणकाराची नजर तिथेच अडते. रंगाचेही तसेच आहे. हिरव्या रंगद्रव्याच्या टंचाईमुळे ब्रिटिश सैन्याने १९४२ मध्ये तपकिरी छटा मूळ रंग म्हणून स्वीकारली आणि १९४४ मध्ये ऑलिव्ह ड्रॅब हा गडद हिरवट रंग आणला. आफ्रिकेतल्या तोफा मात्र फिकट वाळूच्या रंगात होत्या. डिव्हिजनचे चिन्ह लावायचे असेल तर चौथ्या भारतीय डिव्हिजनचा लाल गरुड आणि पाचवीचा काळ्या चौकोनातला लाल गोल यांची अदलाबदल होऊ देऊ नये.

नळी आणि जुळणी

या तोफेच्या नळीचा आतला व्यास ८७.६ मिलिमीटर, म्हणजे १/३५ प्रमाणात जेमतेम अडीच मिलिमीटर. किटमधली नळी दोन अर्धुकांची असेल तर सांध्याची रेघ घासताना सर्वांत मोठी चूक घडते: सँडपेपर त्या रेघेवरच पुढे-मागे फिरवला जातो, नळीला दोन्ही बाजूंनी चपटेपणा येतो आणि तो रंग चढल्यावरच दिसतो. पातळ पट्टी कापून ती नळीभोवती अर्धवर्तुळात गुंडाळावी, बूट पॉलिश करताना फडके ओढतात तशी आडवी ओढावी आणि नळी दर थोड्या वेळाने बोटांत फिरवत राहावी. नंतर करड्या प्रायमरचा एक हलका हात मारून उजेडात तिरके पाहावे. उरलेली रेघ तिथे स्वतःहून दिसते. धातूची तयार नळी वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की प्लास्टिकचा सिमेंट (किट जोडण्याचा गोंद) धातूला धरत नाही. तिथे सायनोॲक्रिलेट (सुपरग्लू) किंवा दोन नळ्यांतला इपॉक्सी लागतो. सायनोॲक्रिलेट जास्त झाला तर त्याच्या वाफेने आसपास पांढरट धुके धरते, म्हणून तो सुईच्या टोकाने लावावा आणि भाग बंद डब्यात ठेवू नये.

तोफ तिरकी उभी राहण्याची तक्रार फार ऐकू येते. तिचे मूळ बहुतेक वेळा चाकांत असते: एक्सल सुकण्याआधी चाके बसवली जातात आणि कोन न जुळवताच तोफ तशीच सुकू दिली जाते. चाके आणि ट्रेलचे (तोफेच्या मागच्या लांब दांड्याचे) टोक असे तीन बिंदू सपाट काचेवर टेकवून, वरून पाहून, सिमेंट मऊ असतानाच कोन जुळवावा आणि रात्रभर हात लावू नये. ढाल नेहमी सर्वांत शेवटी, शक्यतो वेगळी रंगवून बसवावी. आधी बसवली तर तिच्या मागचे हातचाक, दुर्बीण आणि ब्रीच (नळीचा मागचा, गोळा भरण्याचा भाग) यांपर्यंत ब्रश पोहोचत नाही.

पुण्याची हवा आणि रंग

जून ते सप्टेंबर या काळात पुण्यात एअरब्रश चालवणाऱ्याला लॅकर रंगावर किंवा मॅट वॉर्निशवर दुधाळ झाक आल्याचा अनुभव कधी ना कधी येतोच. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगात अडकते. पाऊस कोसळत असताना खिडकी उघडी ठेवून फवारणे, ही यामागची नेहमीची चूक. झाक आलीच तर घासत बसू नये. कोरड्या दिवशी त्यावर निव्वळ लॅकर थिनरचा किंवा ग्लॉस वॉर्निशचा हलका फवारा मारल्यास ती बहुधा निघून जाते. एप्रिल-मे महिन्यांत त्रास उलटा असतो. रंग पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच सुकतो आणि ढालीवर सँडपेपरसारखा खरखरीतपणा येतो. तेव्हा अंतर कमी करावे, थिनर थोडा वाढवावा, रिटार्डरचे (रंग सावकाश सुकवणाऱ्या द्रवाचे) दोन थेंब घालावेत आणि दुपारऐवजी सकाळ निवडावी.

थरांचा क्रम मोडणे ही त्याहून महागात पडणारी चूक आहे. इनॅमल रंगावर इनॅमलचाच वॉश (खाचांत सोडायचा पातळ रंग) दिला तर खालचा रंग विरघळून निघतो. खाली ॲक्रिलिक किंवा लॅकर, त्यावर ग्लॉस वॉर्निश, मग चिन्हे, मग तेलरंगाचा किंवा इनॅमलचा वॉश, नंतर मॅट वॉर्निश आणि पिगमेंटची (कोरड्या रंगपुडीची) धूळ सर्वांत शेवटी, हा क्रम सोडू नये. आणखी एक गोष्ट अनेकांना उशिरा कळते. हार्डवेअरच्या दुकानातले टर्पेंटाईन उघड्या किंवा ताणाखाली असलेल्या प्लास्टिकच्या सांध्यात साचले, की ते प्लास्टिक ठिसूळ होते आणि ट्रेलचा जोड किंवा एक्सल आपोआप तडकतो. वॉश ओतायचा नसतो. टोकदार ब्रशने रिव्हेट आणि कडा यांभोवतीच सोडायचा असतो आणि कोपऱ्यात साठलेला थेंब लगेच टिपून घ्यायचा असतो.

झीज कुठे, गंज कुठे

पुण्यात लष्कर भागात एखाद्या प्रवेशद्वाराशी ठेवलेली जुनी तोफ किंवा घोरपडीच्या युद्धस्मारकाच्या आवारातली साधने पाहून अनेकांना वेदरिंगचा नमुना सापडल्यासारखे वाटते. आकार आणि बोल्टच्या जागा समजून घ्यायला अशी साधने उपयोगी आहेत, मात्र रंगाच्या बाबतीत ती पूर्ण फसवतात. वर्षानुवर्षे एकावर एक चढवलेले चकचकीत रंग, घट्ट झालेले सांधे, कोपऱ्यात साचलेले पावसाचे पाणी आणि त्यातून ओघळलेला गंज हे सगळे निवृत्त तोफेचे लक्षण आहे. आघाडीवरची तोफ रोज पुसली जाते, तिला तेल दिले जाते; तिचा ब्रीच गंजला तर गोळा डागताच येणार नाही.

म्हणून ब्रीचचा ठोकळा आणि नळी मागे सरकते ते पृष्ठभाग तेलकट, गडद पोलादी दिसावेत. तिथे नारिंगी रंग लावणे ही सर्वांत सर्रास दिसणारी चूक आहे. रंग उडालेला दाखवायचा असेल तर माणसांचे हात आणि बूट कुठे लागतात ते आधी पाहावे: ब्रीचची मूठ, वर-खाली करण्याचे हातचाक, ट्रेलची वरची कड, ढालीच्या आतल्या बाजूच्या कडा. या तोफेखाली गोल लोखंडी प्लॅटफॉर्म असे आणि त्यावर चाके ठेवून ती चारही दिशांना झटकन वळवता येई. डागण्याच्या स्थितीत या प्लॅटफॉर्मच्या ज्या पट्ट्यावरून चाके फिरतात, तिथला रंग घासून उघडे लोखंड दिसते. उरलेल्या भागावर चिखल आणि धूळ. प्रवासाच्या स्थितीत तोच प्लॅटफॉर्म ट्रेलखाली टांगलेला असल्याने रस्त्यावरचा चिखल त्याच्या खालच्या बाजूला बसतो. एवढा एक भाग नीट दाखवला तरी प्रतिकृतीला वजन येते.

चिपिंग (उडालेल्या रंगाचे टवके) करताना स्पंज हाती आला, की माणसाला थांबवत नाही. १/३५ प्रमाणात एक मिलिमीटरचा ठिपका म्हणजे खऱ्या तोफेवर साडेतीन सेंटिमीटरचे भगदाड, हे मनात ठेवून स्पंज आधी कागदावर जवळजवळ कोरडा करावा. चंदेरी रंग शक्यतो वापरूच नये. गडद तपकिरी-करडा पुरतो, आणि चकाकी हवी तिथे पेन्सिलच्या शिशाचा चुरा बोटाने घासावा. नळीचे तोंड काजळाने माखणेही टाळावे. मझल ब्रेकच्या आतल्या भोकांत हलका करडेपणा पुरेसा आहे. बाजूला रिकामी काडतुसे ठेवणार असाल तर ती पितळेची आहेत हे विसरू नये: ती काळवंडतात, तपकिरी होतात, पण लोखंडासारखी गंजत नाहीत. या तोफेत गोळा आणि काडतूस वेगवेगळे भरले जात असल्याने, डागलेल्या गोळ्यामागे एकेक रिकामे काडतूस पडलेले असते, गोळे मात्र पेटीत किंवा रांगेत असतात.

माती

वेताळ टेकडीवरचा मुरूम चाळून बेसवर टाकण्याचा मोह समजण्यासारखा आहे, पण त्यात दोन अडचणी आहेत. चहाच्या गाळणीतून गेलेला अर्ध्या मिलिमीटरचा कणसुद्धा या प्रमाणात पावणेदोन सेंटिमीटरचा खडा होतो. त्यामुळे सुती कापडातून गाळलेली धूळच तोफेवर चालते, खडे फक्त जमिनीसाठी. दुसरी अडचण रंगाची. आपल्या मुरमाचा तांबूस रंग लिबियाच्या फिकट वाळूत मिसळत नाही, तेव्हा वाळवंटासाठी बाजारातले फिकट पिगमेंट किंवा पांढरट खडूची पूड वापरावी. कच्ची माती तव्यावर चांगली भाजून घेतल्याशिवाय वापरू नये. दमट दिवसांत तिच्यातल्या पाल्यापाचोळ्यावर बुरशी धरते.

पिगमेंट जास्त झाले असेल आणि अजून फिक्सर (पूड धरून ठेवणारा द्रव) दिला नसेल, तर मऊ, कोरड्या ब्रशने वरून खाली झाडावे आणि उरलेले टर्पेंटाईनने किंचित ओलावलेल्या ब्रशने कोपऱ्यांत ढकलावे. फिक्सर सुकल्यावर मात्र घासून काही साधत नाही. मूळ रंग भरपूर थिनरमध्ये विरळ करून फक्त उंच भागांवर धुक्यासारखा फवारल्यास धूळ मागे हटते आणि सांध्यांतली माती तशीच राहते.