घरची चित्रफीत मात्रोस्का फाइलमध्ये कशी जतन करावी

आजीच्या मुलाखतीची चित्रफीत वर्षानुवर्षे टिकावी असे वाटत असेल, तर ती मात्रोस्का, म्हणजेच एमकेव्ही, या खुल्या स्वरूपात ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन. २००२ मध्ये सुरू झालेल्या या स्वरूपाचे नाव एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांवरून आले असून, २०२४ मध्ये त्याचे तपशील आरएफसी ९५५९ या इंटरनेटच्या जाहीर तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झाले. त्यामुळे ते कोणत्याही एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नाही.

एमकेव्हीटूलनिक्स हा मोफत प्रोग्राम उघडून मूळ एमपी४ फाइल खिडकीत ओढून आणावी. चित्र आणि ध्वनी यांचे ट्रॅक वेगवेगळ्या ओळींत दिसतात. ध्वनीची ओळ निवडून भाषा मराठी करावी. सबटायटलची एसआरटी फाइल जोडताना मात्र विशेष काळजी घ्यावी, कारण ती यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत जतन केलेली नसेल, तर ‘आजी’ या शब्दाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटू शकतात. मग ‘स्टार्ट मल्टिप्लेक्सिंग’ हे बटण दाबावे. येथे चित्र पुन्हा एन्कोड होत नाही, केवळ चित्र आणि ध्वनी एकत्र ठेवणारा डबा, म्हणजे फाइलचे स्वरूप, बदलतो, म्हणून दर्जा तसूभरही कमी होत नाही.

वेबपानासाठी वेबएम हे स्वरूप हवे असेल, तर नुसता डबा बदलून भागत नाही. त्यात चित्र व्हीपी८, व्हीपी९ किंवा एव्ही१ या एन्कोडिंग पद्धतींत आणि ध्वनी व्हॉर्बिस किंवा ओपस या पद्धतींत असावा लागतो. नवी फाइल व्हीएलसी या चित्रफिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय मूळ फाइल पुसू नये.