शेजाऱ्याला दुसरीकडे बघायला लावा: फॅन्टसी स्ट्रॅटेजी गेममध्ये करार कसे करावेत

आठ-दहा जणांच्या फॅन्टसी स्ट्रॅटेजी गेममध्ये नवा खेळाडू बहुतेक वेळा एकाच कारणाने हरतो: दोन शेजारी एकदम अंगावर येतात. सैन्य कितीही तगडं असो, उत्पन्न एकाचं आणि शत्रू दोन, हे गणित जमत नाही. म्हणून सुरुवातीच्या निरोपांचं काम एवढंच की शेजाऱ्याला तुमच्याऐवजी दुसरीकडे बघायला सबळ कारण मिळावं. ‘मैत्री करू या’ हे काही कारण होत नाही.

उदाहरणं मुख्यतः ‘डॉमिनियन्स’मधली देतो. इलविंटर या स्वीडिश स्टुडिओचा हा गेम, सहावी आवृत्ती जानेवारी २०२४ मध्ये आली. यात सगळे आपापले हुकूम एकमेकांना न दाखवता देतात आणि ते एकाच वेळी अमलात येतात. १९५९ साली अॅलन कॅलहॅमर यांनी बाजारात आणलेला ‘डिप्लोमसी’ हा बोर्डगेमही असाच चालतो. तिथे फासे नाहीत, पत्ते नाहीत, सगळी करामत बोलण्यात. ‘एज ऑफ वंडर्स ४’सारख्या गेममध्ये डिप्लोमसीची वेगळी स्क्रीन असते, पण स्क्रीनवरचं बटण दाबण्याआधी जे ठरवायचं ते तेच.

१. आधी होस्टला विचारा

होस्ट म्हणजे गेम भरवणारा. त्याला विचारा: शब्द मोडलेला चालतो का? काही गेममध्ये करार पाळणं सक्तीचं असतं, काहींमध्ये दगाफटका हा खेळाचाच भाग, तर काहींमध्ये आपसात बोलायलाच मनाई. कोणी अर्धवट सोडून गेला आणि बदली खेळाडू आला, तर जुना करार त्याला लागू का, हेही विचारून घ्या. यावरून पुढे हमखास भांडणं होतात.

२. कोणाशी लढायचं ते ठरवा, मग बाकीच्यांना लिहा

हेराने सीमा दाखवली की त्याच टर्नला (फेरीला) निरोप पाठवा. चार टर्न गप्प राहिलात तर समोरच्याने तुमचं नाव यादीत वरती टाकलेलं असतं. पण घाईघाईत चारही दिशांना करार करून बसू नका. सगळ्यांशी शांतता म्हणजे वाढायला जागाच नाही. मोकळे प्रांत संपले की तुम्ही तिथेच अडकता आणि लढून मोठा झालेला कोणीतरी सावकाश तुमच्याकडे वळतो. एक दिशा उघडी ठेवा. कोणती, ते मात्र कोणालाच सांगू नका.

३. सीमा प्रांतांच्या नंबरांनी आखा

‘नदीपलीकडचं तुझं’ असं लिहिलंत की गोंधळ ठरलेला. डॉमिनियन्सच्या नकाशावर प्रत्येक प्रांताला नंबर असतो, तोच लिहा. कारण दोन खेळाडूंची सैन्यं एकाच टर्नला एकाच मोकळ्या प्रांतात शिरली तर ती आपसात लढतात. करार आहे हे गेमला कुठे माहीत! अशा अपघाती लढाईत एखादा चांगला सेनापती गेला की उरलेला गेम धुसफूस चालते.

४. कराराचं वाक्य घासूनपुसून लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नेहमीचा करार म्हणजे नॉन-अॅग्रेशन पॅक्ट, बोलण्यात ‘नॅप’. ‘नॅप-३’ म्हणजे हल्ल्याआधी तीन टर्नची सूचना. ऐकायला सरळ, पण मोजायला बसा. गेममधून टर्न २० ला पाठवलेली सूचना समोरच्याला टर्न २१ उघडल्यावर दिसते. मग तीन टर्न २० पासून मोजायचे की २१ पासून? शिवाय टर्न २३ ला दिलेल्या हुकमाची लढाई टर्न २४ च्या अहवालात दिसते. तीन टर्न हुकमापर्यंत की लढाईपर्यंत? दोघंही प्रामाणिक असून हिशोबात दोन टर्नचा फरक पडू शकतो, आणि तेवढ्यात राजधानीला वेढा पडतो. म्हणून असं काहीतरी लिहा (फाइल म्हणजे दर टर्नला मिळणारी गेमची फाइल, तिच्यात निकाल दिसतात आणि हुकूम देता येतात):

“१४२, १४५ माझे, १३९, १५१ तुझे. नॅप-३. सूचना तुझ्या टर्न २० च्या फाइलमध्ये दिसली, तर हल्ल्याचा पहिला हुकूम टर्न २३ च्या फाइलमध्ये देता येईल. लपून केलेले हल्ले आणि लांबून टाकलेले मंत्र हल्लाच धरायचे. हेर फिरले तर चालतील, सापडले तर मारायचे, त्यावरून वाद नको. मान्य असेल तर नंबर परत लिहून पाठव.”

शेवटचं वाक्य गाळू नका. नुसतं ‘ओके’ आलं तर समजा की त्याने वाचलेलंच नाही.

जगभर परिणाम करणाऱ्या मंत्रांचंही बोलून ठेवा. ‘बर्डन ऑफ टाइम’ टाकला की सगळ्यांचेच लोक झपाट्याने म्हातारे होतात. तो हल्ला समजायचा की नाही, यावर मंत्र पडल्यानंतर एकमत होणं कठीण.

‘टर्न ४० पर्यंत शांतता’ असे ठरीव मुदतीचे करार मला आवडत नाहीत. शेवटची फेरी कोणती हे माहीत असलं की त्या फेरीत दगा देणं फायद्याचं ठरतं, मग तिच्या आदल्या फेरीतही, असं ते मागे मागे सरकत जातं. गेम थिअरीतला हा जुना हिशोब आहे. इथेही ३७-३८ पासूनच दोन्हीकडची सैन्यं सीमेवर गोळा होतात. सूचनेचा करार बेमुदत चालतो, त्यामुळे ठरलेल्या तारखेकडे डोळे लागत नाहीत.

५. व्यापार सुरू करा

शांतता टिकते ती देवाणघेवाणीवर. डॉमिनियन्समध्ये एका जातीचे जेम्स (मंत्रांसाठी लागणारी जादूची रत्नं) अल्केमीने दुसऱ्या जातीत बदलायचे तर आधी दोनाचा एक अॅस्ट्रल पर्ल, मग दोन पर्लचा एक हवा तो जेम. म्हणजे ४ फायर जेम्स घालवून हातात १ नेचर. तेच शेजाऱ्याशी एकास एक बदलले तर दोघांचाही घसघशीत फायदा, आणि तुमच्यावर चालून यायचं म्हणजे त्याला हा पुरवठा तोडावा लागतो. पहिला सौदा लहान ठेवा, पाच जेम्सचा वगैरे. आधी कोण पाठवणार हा प्रश्न आला तर तुम्हीच पाठवा. पाच जेम्स बुडाले तरी माणूस कसा आहे ते स्वस्तात कळलं.

६. कोणी फार पुढे गेला तर

डॉमिनियन्समध्ये थ्रोन, म्हणजे नकाशावरची खास सिंहासनं, ताब्यात घेऊन गुण मिळवणारा जिंकतो. एकाचे गुण वाढत चालले की सगळे ‘काहीतरी करायला हवं’ म्हणतात आणि दुसरा कोणी आधी जाईल म्हणून थांबतात. अशा वेळी कोणाचं सैन्य कोणत्या टर्नला कोणत्या प्रांतात शिरणार, हे एकेकाकडून लिहून घ्या. जिंकलेले थ्रोन कोणाला, हेही लढाईआधीच वाटून टाका. आणि थ्रोन नुसता जिंकून भागत नाही. त्यावर हक्क सांगायला तुमचा देव (म्हणजे तुमचं मुख्य पात्र), प्रॉफेट (प्रेषित नेमलेला सेनापती) किंवा तिसऱ्या पातळीचा पुजारी तिथे पोचावा लागतो. मित्रसैन्यात असा पुजारी दिसला की त्याचा खरा बेत ओळखावा.

७. करार मोडताना, आणि तुमच्याशी मोडला जाताना

तुम्हाला बाहेर पडायचं असेल तर सूचना द्या आणि टर्नचा आकडा लिहा. कारणं देत बसू नका. खेळाडू तेच तेच भेटतात आणि पुढच्या गेममध्ये तुमची कारणं नव्हे, वागणूक लोकांच्या लक्षात असते.

समोरचा मोडेल अशी शंका असेल तर धमकी आधी द्यावी लागते. हल्ल्यानंतर तिचा उपयोग नाही. होस्टची हरकत नसेल तर शांतपणे कळवा की तुझं सैन्य सीमा ओलांडून आलं, तर त्याच टर्नला माझे साठवलेले सगळे जेम्स आणि जादूच्या वस्तू तुझ्या पलीकडच्या शेजाऱ्याकडे रवाना होतील. मग त्या शेजाऱ्याशी खरोखरच थोडाफार व्यापार चालू ठेवा, म्हणजे धमकी पोकळ वाटत नाही.