साथ वाढतेय? चाचणी आणि लशीबाबत या चुका टाळा

साथ चढू लागली की आपण दोन गोष्टी नेमक्या उलट करतो. जिथे थोडं थांबायला हवं तिथे घाई करतो आणि जिथे एक दिवसही दवडू नये तिथे रेंगाळतो. चाचणी घाईने उरकली जाते, लस मात्र ‘बघू पुढे’वर राहते. कोविडच्या लाटांमध्ये हे जगभर पुन्हा पुन्हा दिसलं. पुढच्या साथीत तरी ते टळावं, म्हणून कोविडचेच दाखले घेऊन हे लिहितोय.

संपर्क आला की लगेच चाचणी

सोबत जेवलेली व्यक्ती पॉझिटिव्ह निघते. दुसऱ्याच दिवशी आपण स्वॅब देतो, अहवाल निगेटिव्ह येतो आणि आपण निर्धास्त होऊन आजी-आजोबांना भेटायला जातो. सर्वांत महागात पडणारी चूक हीच. शरीरात शिरलेला विषाणू चाचणीत सापडण्याइतका वाढायला काही दिवस लागतात. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत सुरुवातीच्या विषाणूला सरासरी पाच दिवस लागत, ओमायक्रॉन या त्याच्या नंतरच्या प्रकाराला सुमारे तीन. आरटी-पीसीआरच्या निकालांचं २०२० मध्ये एक एकत्रित विश्लेषण झालं. त्यात लागणीनंतर चौथ्या दिवशीही अंदाजे ६७ टक्के बाधितांचा अहवाल निगेटिव्ह येण्याची शक्यता दिसली. लक्षणं सुरू होण्याच्या दिवशी हे प्रमाण ३८ टक्के होतं, लागणीनंतर आठव्या दिवशी २० टक्के.

म्हणून लक्षणं असतील तर लगेच चाचणी करा. लक्षणं नसतील तर संपर्कानंतर पाच दिवस पूर्ण होऊ द्या. मधल्या काळात मास्क लावा आणि वयस्कर व आजारी माणसांपासून लांब राहा. स्वॅब दिल्यावरही अहवाल हातात येईपर्यंत घरीच थांबा. स्वॅब देऊन तसेच कामावर जाणारे लोक पाहिले की खरंच वाईट वाटतं, कारण मग त्या चाचणीचा अर्धा उपयोग तिथेच संपतो.

घरच्या किटवर नको तितका विश्वास

घरच्या किटने होणारी अँटीजेन चाचणी सोयीची आहे, झटपट आहे, पण तिच्या नजरेतून बरंच सुटतं. लक्षणं असलेल्या १०० बाधितांपैकी साधारण ७३ जण ती पकडते, लक्षणं नसलेल्यांपैकी जेमतेम ५५. त्यामुळे एका निगेटिव्हवर थांबू नका. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितलेला नियम सोपा आहे: लक्षणं असतील तर ४८ तासांच्या अंतराने किमान दोन चाचण्या, नसतील तर तीन.

किट वापरताना गडबड होते ती अशी. किटवरच्या ‘सी’ या अक्षरापाशी रेषाच उमटली नाही, तर चाचणी बाद, नवं किट घ्या. ‘टी’पाशी रेषा पुसट आहे पण दिलेल्या वेळेत आली आहे, तर तुम्ही पॉझिटिव्ह आहात. उजेडात तिरकी धरून ‘नाहीच बहुतेक’ असं स्वतःला समजावू नका. उलट, सांगितलेली वेळ उलटून गेल्यावर उमटलेली रेषा ग्राह्य धरू नका.

बरं झाल्यावर मात्र आरटी-पीसीआर पुन्हा पुन्हा करण्यात अर्थ नाही. विषाणूचे निर्जीव अवशेष कित्येक आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंतही सापडू शकतात.

‘नवी लस येऊ दे, मग घेतो’

जागतिक आरोग्य संघटनेने २६ नोव्हेंबर २०२१ रोजी ओमायक्रॉनचं नामकरण केलं. जानेवारी २०२२ मध्ये अनेक देशांत त्याची लाट शिखरावर होती. त्यासाठी बदललेली लस लोकांपर्यंत पोहोचू लागली ती २०२२ च्या सप्टेंबरच्या सुमारास. जे तिची वाट पाहत बसले, त्यांच्या अंगावरून अख्खी लाट गेली.

शिवाय लस टोचल्या क्षणी संरक्षण मिळत नाही. त्याला साधारण दोन आठवडे लागतात. रुग्ण दर तीन दिवसांनी दुप्पट होत असतील, तर १०० चे १५ दिवसांत ३,२०० होतात. आसपास रुग्ण दिसू लागल्यावर केंद्र शोधायला निघालेला माणूस म्हणूनच मागे पडतो. वय जास्त असेल, मधुमेह, हृदयविकार किंवा गर्भारपण असेल, तर बाकी असलेल्या डोसबद्दल आजच डॉक्टरांशी बोला.

लशीनंतर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी होऊ शकते. पण खोकला, वाहतं नाक किंवा वास जाणं हे लशीमुळे होत नाही. तेव्हा चाचणी करा. दंडात घेतलेल्या लशीमुळे नाकाच्या स्वॅबचा निकाल पॉझिटिव्ह येत नाही.

‘दवाखान्यात तर लस घेतलेलेच जास्त आहेत’

हा मुद्दा प्रामाणिक माणसांनाही चकवतो, म्हणून थोडा वेळ देऊ. हिशेबापुरती एक वस्ती धरा: १,००० माणसं, त्यांतल्या ९०० जणांनी लस घेतली आहे, १०० जणांनी नाही. लस घेतलेल्यांतले १ टक्का दाखल झाले, म्हणजे ९ जण. न घेतलेल्यांतले ५ टक्के, म्हणजे ५ जण. वॉर्डात लस घेतलेलेच जास्त दिसतील. तरीही लस न घेतलेल्या माणसाचा धोका पाचपट होता. खाटा मोजण्याआधी कोण किती होते, हे विचारायला हवं. लशीच्या पहिल्या वर्षात, म्हणजे डिसेंबर २०२० ते डिसेंबर २०२१ या काळात, तिने जगभरात सुमारे १ कोटी ९८ लाख मृत्यू टाळले असा एका गणिती प्रारूपाचा अंदाज आहे. हे मृत्यू टळले म्हणूनच कुठल्या वॉर्डात दिसले नाहीत.

आकडे कमी झाले म्हणून ढिलाई

चाचण्याच कमी केल्या की रुग्णही कमी दिसतात. त्यामुळे रुग्णसंख्येसोबत पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण पाहा. मे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निर्बंध सैल करण्यासाठी जे निकष सुचवले, त्यांत हे प्रमाण किमान दोन आठवडे ५ टक्क्यांखाली असणं हाही होता.

पॉझिटिव्ह आल्यावरचा उशीर आणि मनाने घेतलेली औषधं

कोविडवरची निर्माट्रेलव्हिर-रिटोनाव्हिर ही गोळी लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू करावी लागते. धोका जास्त असलेल्यांनी ‘साधी सर्दी असेल’ म्हणत तीन-चार दिवस घालवले, तर ती संधी निसटते. स्टेरॉइडचं उलट आहे. जून २०२० मध्ये जाहीर झालेल्या ब्रिटनमधल्या औषध-चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, पण ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना काहीच फायदा झाला नाही. कुणाच्या तरी जुन्या चिठ्ठीवरून ते सुरू करू नका. आणि धाप लागत असेल, छातीत सतत दुखत असेल किंवा माणूस गोंधळल्यासारखा वागत असेल, तर अहवालासाठी न थांबता थेट रुग्णालय गाठा.