निरोपाच्या तासाला फिरते कार्ड

दहावीच्या निरोप समारंभाचा बहुतेक वेळ भाषणांत जातो आणि वर्षानुवर्षे एका बाकावर बसलेली मुले एकमेकांशी मनातले न बोलताच पांगतात. त्यासाठी शेवटच्या तासाची 15 मिनिटे राखून ठेवावीत.

1. ए-फोर कागदाचे चार तुकडे करावेत. 40 मुलांना 10 कागद पुरतात.
2. आठ-आठ जणांचे गोल शिक्षकांनीच पाडावेत, नाहीतर अबोल मुले एकाच गोलात उरतात.
3. प्रत्येकाने कार्डावर स्वतःचे नाव लिहून ते उजवीकडे द्यावे, मिळालेल्या कार्डावर एक ओळ लिहावी आणि दर मिनिटाला ते पुढे सरकवावे.

ओळ ‘तू खूप चांगला आहेस’ अशी नको, घडलेल्या प्रसंगाची हवी. ‘सहामाहीच्या पेपरात माझे पेन बंद पडले तेव्हा तू तुझे दिलेस’ असा एखादा नमुना आधी फळ्यावर लिहिला, की मुलांचे हात भराभर चालू लागतात, आणि माझ्या मते या उपक्रमाचा खरा जीव त्या नमुन्यातच आहे.

सात ओळी झाल्यावर कार्डे मालकाकडे न देता आधी शिक्षकांनी गोळा करून वाचावीत; एखादी टोचणारी ओळ दिसल्यास ते कार्ड नव्याने लिहून घ्यावे.