सोसायटीत पोरांचं ट्रिक ऑर ट्रीट कसं करायचं (नाशिकवाल्यांसाठी)

ऑक्टोबर लागला की सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी टाकतंच, यंदा मुलांसाठी हॅलोविन करायचं का, मग त्यावर दोन दिवस अंगठे पडतात आणि शेवटी कोणीतरी डीजे, गेम्स, स्नॅक्स कूपन असलं काय काय सुचवतं आणि पोरांचं दारोदार फिरणं राहूनच जातं. खरं तर तेवढंच करायचंय. ३१ ऑक्टोबरला संध्याकाळी पोरांनी भुतंबितं बनून बेल वाजवायची, दार उघडलं की "ट्रिक ऑर ट्रीट" (म्हणजे खाऊ द्या नाहीतर खोडी काढू) ओरडायचं, घरातल्यांनी पिशवीत खाऊ टाकायचा, की चला पुढच्या दाराला. याला डीजे लागत नाही, एक यादी लागते.

अमेरिकेत घराघरांच्या वस्तीत सोपं असतं, अंगणातला दिवा चालू असेल तर यायचं, बंद असेल तर गपचूप पुढे जायचं. पण न्यूयॉर्कसारख्या शहरात एकेका बिल्डिंगमध्ये शंभर दारं आणि सगळी सारखीच बंद, तिथे कोणाची बेल वाजवणार? म्हणून तिकडच्या बऱ्याच बिल्डिंगींत आधीच लॉबीत एक कागद लावतात, ज्यांना पोरं आलेली चालणार आहेत त्यांनी आपला फ्लॅट नंबर त्यावर लिहायचा, आणि त्या संध्याकाळी त्या यादीतलीच दारं वाजतात. ज्यांना घरी थांबणं जमत नाही ते दाराबाहेर खाऊचा वाडगा ठेवून जातात. शिवाय रस्त्यावरची दुकानंही पोरांना चॉकलेट देतात, आणि न्यूयॉर्कच्याच ब्रुकलिन भागात जुन्या घरांचे लोक सरळ पायऱ्यांवर बसून वाटतात.

गंगापूर रोड, पाथर्डी फाटा, इंदिरानगरच्या बिल्डिंगींना ही पद्धत अगदी फिट बसते. आठवडाभर आधी लिफ्टजवळ कागद आणि दोरीला बांधलेलं पेन (न बांधता ठेवलं तर संध्याकाळपर्यंत गायब). ग्रुपवर पोल घेऊ नका, तिथे सगळे हो म्हणतात आणि त्या दिवशी कुलूप असतं, हाताने नंबर लिहिलेला माणूस सहसा घरी सापडतो. मग यादीचा फोटो काढून प्रत्येक टोळीबरोबरच्या मोठ्या माणसाला पाठवायचा, लिफ्टने एकदम वरच्या मजल्यावर जायचं आणि जिन्याने खाली उतरत दारं घ्यायची, म्हणजे लिफ्ट अडकत नाही आणि बारकी पोरं दमतही नाहीत. बंगल्यांच्या कॉलनीत दिव्याची खूण चालणार नाही कारण आपल्याकडे गेटवरचा दिवा तसाही रोज चालूच असतो आणि दिवाळीच्या आसपास तर आकाशकंदीलही लागलेले असतात, त्यापेक्षा तयार असलेल्या घरांनी गेटवर एक लाल भोपळा ठेवावा, तेवढं पुरतं.

यादीत नाव नाही त्या दाराला हात लावायचा नाही, हे पोरांना निघायच्या आधीच सांगा. कोणाकडे आजारी माणूस असतं, कोणाला सणासुदीत भुताखेताचं नको वाटतं, त्यांच्याशी वाद घालत बसू नका. एखाद्या आजींना पटवायचंच असेल तर म्हणा, संक्रांतीला पोरं तिळगूळ मागत फिरतात ना, तसंच, फक्त तोंडाला रंग फासून. बऱ्याच आजी त्यानंतर स्वतःच डबा काढून बसतात.

आता कपडे. ऑनलाइन मिळणारे काळे झगे बघायला भारी पण पातळ पॉलिस्टरचे असतात, पटकन पेट घेतात आणि वितळून अंगाला चिकटतात. ३१ ऑक्टोबर दिवाळीच्या मागेपुढेच येतो, २०२४ ला तर नरक चतुर्दशीच ३१ ला होती, म्हणजे दारोदार पणत्या आणि त्यांच्यावरून घसटत जाणारे झगे. पणत्या मांडलेल्या असतील तर तेवढा तासभर उंबऱ्यावरून उचलून उंच ठेवायला सांगा, झगा घोट्याच्या वर शिवून घ्या, आणि फटाके उडवायचे असतील तर आधी कपडे बदला, यात अजिबात सूट नाही. माझं विचाराल तर घरातली जुनी सुती चादर आणि काजळ यातच सगळं भागतं. आणि दरवेळी ड्रॅक्युलाच का? आपल्याकडे वेताळ, मुंजा, हडळ, खवीस अशी सगळी मंडळी आहेत की. मास्क टाळा, जिना उतरताना खालचं दिसत नाही, रंगच लावा, पण आदल्या दिवशी मनगटावर थोडा लावून बघा.

खाऊ पॅकिंगमधलाच द्या, सुट्टं काही नको. तिकडे चॉकलेटमध्ये अनोळखी माणूस विष घालेल म्हणून दरवर्षी घाबरवतात, प्रत्यक्षात १९७४ मध्ये टेक्सासला जे गाजलेलं प्रकरण झालं त्यात मुलाच्या बापानेच विष घातलं होतं. त्यामुळे शेजाऱ्यांवर संशय घेत बसू नका, काळजी दुसरीच घ्यायची आहे. चार वर्षांच्या आतल्या पोरांना अख्खे शेंगदाणे आणि कडक गोळ्या देऊ नका, घशात अडकतात. आणि कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर आपल्याकडची अर्धी चिक्की बाद होते. अमेरिकेत अशा मुलांसाठी काही घरं दारात हिरवट निळा भोपळा ठेवतात, म्हणजे इथे खाऊऐवजी पेन्सिल, स्टिकर असलं काही मिळेल, २०१४ पासून ते देशभर पसरलं. आपल्या यादीत नंबरासमोर नुसतं 'स्टिकर' लिहिलं तरी काम होतं.

वेळ सहा ते साडेसात ठेवा. त्या दिवसांत नाशिकला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे अंधाराची मजाही येते आणि पोरं वेळेवर जेवायला घरी येतात. ज्यांच्याकडे कुत्रा आहे त्यांनी सेफ्टी डोअर लावूनच खाऊ द्यावा, रंगवलेली तोंडं बघून एरवी शांत असणारं कुत्रंही बिथरतं. वॉचमनकाकांना आधी सांगून ठेवा, आणि त्यांची पोरं असतील तर त्यांनाही टोळीत घ्या, गेटवरून बघत उभी नकोत. बाहेरच्या सोसायटीतली मुलं येणार असतील तर त्यांच्याबरोबर त्यांचं एक मोठं माणूस हवंच.

भोपळा कोरायचा असेल तर आदल्या संध्याकाळीच कोरा, आपल्या हवेत तो दोन दिवसांत मऊ पडतो. लाल भोपळ्याची साल चांगलीच टणक असते, सुरी मोठ्यांनीच धरायची, पोरांनी पेनाने डोळे-दात काढून द्यायचे आणि आतलं बी-बीळ उपसायचं. आत मेणबत्ती नको, सेलवरचा दिवा ठेवा. कोरताना निघालेला गर टाकू नका, किसून गुळात शिजवा, मावेल तेवढी कणीक घालून घारगे तळा, पोरं परत आली की चॉकलेटच्या आधी तेच ताटात वाढा.